लहानांची रांग

पाळकांच्या तीन प्रश्नांची उत्तरं सुईणबाईच्या जिभेवर तयार असायची. पाणी वाहतं होतं? होतं. डोक्यावर ओतलंत? ओतलं. शब्द कोणते म्हणालात? "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं." हे सगळं ती प्रसूतिगृहाच्या मोरीत हात धुता धुताच सांगून टाकायची.

"बाई, मला प्रश्न तरी पुरा करू द्या," पाळक म्हणायचे.

"तुम्ही पुरा करेपर्यंत आत दुसरी मोकळी होईल. लिहा तुम्ही."

चर्चच्या मंडळीचा नियमच तसा होता. जन्मलेलं मूल टिकणार नसेल आणि पाळक जवळ नसतील, तर जवळच्या कुणाही विश्वासणाऱ्यानं बाप्तिस्मा द्यावा. पाळकांनी मागाहून येऊन हे तीन प्रश्न विचारावेत आणि वहीत नाव घालावं. नाव वहीत गेलं की त्या बाळाला चर्चच्या भिंतीलगत, लहानांच्या रांगेत जागा. गेलं नाही तर कुंपणापलीकडच्या उतारावर. तिथं दगड लावत नसत, आणि पाऊस जोराचा झाला की कुठे कोण होतं तेही कळत नसे.

चौतीस वर्षांत तिनं अशी साठेक बाळं त्या रांगेत पोचवली. जगली त्यांची तर मोजदादच नव्हती. तिचे हात लहान, बोटं आखूड. "या हातांनी कणीक मळून होत नाही, पण आडवं मूल सरळ होतं," असं ती स्वतःच सांगायची. नवरा लवकर गेला. एक मुलगा, तो वीज कंपनीत वायरमन. रस्त्यात कुणी मोठ्या हुद्द्याचा माणूस तिच्याशी शिष्टपणानं वागला, तर ती चारचौघांत म्हणायची, "तू पायाळू आलास रे, तेव्हापासूनच उलटा." त्याच्यासकट सगळे हसायचे. अशा बाईवर कोण रागावणार?

निवृत्त झाल्यावर तिचं मनगटी घड्याळ बंद पडलं. त्याचा सेकंदकाटा तिला प्यारा होता. त्यावर तिनं हजारो नाड्या मोजल्या होत्या. ते घेऊन ती घड्याळजीच्या दुकानात गेली. हा साठीचा विधुर, कमी बोलणारा, डोळ्याला भिंग लावलेला माणूस. चर्चमध्ये तो तिच्या पुढच्याच बाकावर बसायचा. दुकानातल्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती.

"भाऊ, यातलं खरं कुठलं?"

"सगळी आजारी आहेत बाई. बरी असती तर इथं कशाला आली असती?"

मग त्यानं विचारलं, "रविवारी दुपारी येता का? मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण शास्त्र वाचतो. जरा सावकाश वाचतो, एवढंच."

एवढंच नव्हतं. सावकाश वाचता वाचता त्या माणसांना एक प्रश्न पडला होता, आणि पडल्यापासून तो उठत नव्हता. मसीहा देवाचा पाठवलेला, देवाचा पुत्र, तारणारा. पण तो स्वतः देव का?

"क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली," घड्याळजी म्हणायचा. "घाम गाळून केली. कुणाकडे केली? स्वतःकडेच?"

सुईणबाईला शास्त्रातले वाद जमत नसत. तिला एकच गोष्ट कळत होती. "तो बाईच्या पोटी आला ना? मग ओला आला, निळा आला, रडला, त्याची नाळ कुणीतरी कापली. मी रोज बघितलंय ते. जो येताना एवढा लाचार असतो तो देव? मला नाही वाटत. मला वाटतं देवानं त्याच्यावर जीव लावला. आणि तेवढं मला पुरतं."

हेच तिनं पाळकांनाही तोंडावर सांगितलं. पाळक काही वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, नाळ कापून घेतलेला देव, हीच तर आपली सगळी आशा! नाहीतर क्रुसावर कोण मेलं? आणखी एक गरीब माणूस? ते तर रोज मरतात. त्यांच्या मरणानं कुणाचं तारण झालंय?"

तिच्या मनातलं मात्र हललं नाही.

हळूहळू ते बाहेर फुटलं. मंडळीनं त्या खोलीचं नाव 'अर्धे देववाले' ठेवलं. चर्चच्या पायरीवर कुणीतरी हटकून विचारायचं, "काय बाई, आज किती देव?" ती म्हणायची, "एकच. पण तू ऐकत नाहीस त्याचं." इतपत थट्टा चालत होती. घरात मात्र थट्टा नव्हती. सुनेची आधीची दोन मुलं तिसऱ्या महिन्यात पोटातच गेली होती, आणि आता पुन्हा दिवस होते. ती शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत बोलत असायची.

"कुणाशी बोलतेस ग?"

"त्याच्याशीच. मसीहाशी." सून मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्ही त्या खोलीत जाऊ नका ना. तो देव नसेल, तर मी इतकी वर्षं बोलत होते ते कुणाशी?"

त्या दिवसापासून सुईणबाई खोलीत जायची, पण घरी आल्यावर त्यावर अक्षर काढायची नाही.

सातव्या महिन्यात, एका दुपारी तीनच्या सुमाराला, मशीनचा आवाज मधेच थांबला. सुईणबाई स्वयंपाकघरातून आली तर सून खुर्चीची पाठ धरून उभी, आणि पायाखाली पाणी. मुलगा कामावर. रुग्णालयाच्या गाडीला फोन केला. गाडी यायला पाऊण तास लागला. बाळाला तेवढा वेळ नव्हता.

मुलगी होती. दोन तळहातांत मावून वर जागा उरावी एवढीशी. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता, आणि प्रत्येक वेळी तो अधिक खोल. सुईणबाईनं तोंड पुसलं, घसा मोकळा केला, कापडात गुंडाळून तिला आईच्या छातीवर ठेवलं. पुढचं तिला माहीत होतं. असे श्वास तिनं साठ वेळा ऐकले होते.

सुनेलाही कळलं. "आई, पाणी," ती म्हणाली. "पाणी घाला तिला. लवकर."

सुईणबाईनं पेला घेतला. डावा तळवा त्या डोक्याखाली घातला. "पित्याच्या," ती म्हणाली, आणि अडली.

साठ बाळांवर हे शब्द म्हणताना तिनं त्यांचा विचार केला नव्हता. आता केला होता, दोन वर्षं केला होता. ज्यावर आपला विश्वास उरला नाही ते स्वतःच्या नातीच्या डोक्यावर ओतायला हात उचलेना. या पोरीच्या कानावर सगळं मिळून दोन-चार वाक्यं पडणार. त्यातलं एक आपणच खोटं बोलायचं? तिनं आवाज खाली घेतला आणि बाळाच्या अगदी कानाशी म्हणाली, "ज्यानं तुला पाठवलं, त्याच्या नावानं."

तिनं पाणी ओतलं; ते डोक्यावरून कापडावर ठिबकलं.

"झालं?" सुनेनं डोळे मिटूनच विचारलं.

"झालं."

बाळ आणखी थोडा वेळ होतं. मग नव्हतं. सुईणबाईनं वार येऊ दिली, रक्त बघितलं, पोट चोळलं, चादर बदलली. कामात कुठे चूक झाली नाही. गाडीवाल्यांनी येऊन सुनेला तपासलं, न्यायची गरज नाही म्हणाले, आणि जिना उतरताना एकमेकांशी हळू बोलत गेले.

मुलगा आला तो थेट आत गेला. बऱ्याच वेळानं मागच्या गॅलरीत आईकडे आला. कामाचे रबरी बूटही त्यानं काढले नव्हते.

"पाळकांना निरोप दिलाय. येतायत. आई, बरं झालं तू घरात होतीस."

"ऐक," ती म्हणाली. "ते शब्द मी म्हटले नाहीत."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. कळल्यावर तो खाली बसला.

"परक्यांच्या साठ पोरांना म्हटलेस ना? मग माझ्याच पोरीला..."

"तेव्हा मला ते खरं वाटत होतं रे."

"आणि आज?"

"आज तिच्याशी खोटं बोलवेना."

"बरं," तो म्हणाला. त्याचा आवाज फारच शांत होता. "तिच्याशी नाही बोललीस ना खोटं? झालं तर मग. आता पाळकांशी बोल. आई, आत जी पडलीय ना, तिचं या जगात आता एवढंच उरलंय, की आपलं बाळ आत झोपणार, नावासकट. ते काढून घेतलंस तर ती जगेल असं मला वाटत नाही. माझ्यासाठी नको करू. तिच्यासाठी कर."

पाळक आले. छत्री दाराशी ठेवली, जेवणाच्या टेबलाशी बसले, वही उघडली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"पाणी वाहतं होतं?"

"होतं."

"डोक्यावर ओतलंत?"

"ओतलं."

तिसऱ्या प्रश्नाला पाळकांनी पेन वर धरलं. त्यांना ठाऊक होतं की ही बाई कुठल्या खोलीत बसते. ते अगदी हळू म्हणाले, "बाई, शब्द कोणते म्हणालात?"

आतून पलंग करकरला. सून कोपरावर उठून बसली असणार.

"पित्याच्या," सुईणबाई म्हणाली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच, "पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

पाळकांचे डोळे भरले. ते तिची थट्टा करायला आले नव्हते. त्यांना खरंच आनंद झाला होता. "देवाची कृपा आहे, बाई," म्हणत त्यांनी सुनेनं ठरवलेलं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला लहानांच्या रांगेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सुनेला दूध आलं. सुईणबाई जुन्या चादरीच्या पट्ट्या करून तिची छाती बांधत होती.

"घट्ट बांधा, आई."

"श्वास अडकेल ग."

"अडकू दे." आणखी एक वेढा बसल्यावर ती म्हणाली, "त्या वेळी तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकूच आलं नाही. फक्त पाणी ऐकू आलं. वाटलं, राहिलं की काय! पाळकांना सांगितलंत तेव्हा ऐकलं. मग झोप लागली मला."

सुईणबाईनं शेवटची गाठ मारली.

त्याच संध्याकाळी ती घड्याळजीकडे गेली. दुकानात कुणी नव्हतं. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, जे झालं ते आणि जे म्हटलं ते.

घड्याळजीनं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "बाळाला आत घेतलं?"

"घेतलं."

"मग बस झालं."

"भाऊ, मी खोटं बोलले."

"ऐकलं मी. दोनदा सांगू नका, भिंतींना कान असतात." तो उठला, तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं, आणि ती बसली नाही तसा पुन्हा मागे घेतलं. "काही दिवस इकडे येऊ नका. आलात तर लोक विचार करायला लागतील, आणि लोकांनी विचार केलेला तुम्हाला परवडायचा नाही."

तिला वाटलं, हे एवढ्यावर मिटलं. खोटं एकदा बोललं की काम संपतं, असंच तिला वाटत होतं. सवय नव्हती ना.

दोन रविवारांनी पाळकांनी त्यावर प्रवचन केलं. नाव घेतलं नाही, पण मंडळीत आजी किती आणि सुईणी किती? ते म्हणाले, आपल्यातली एक बहीण वाट चुकली होती. पण मरणाच्या दारात, हातात नातीचं डोकं असताना, तिच्या तोंडून काय आलं? खोलीतला वाद नाही आला. पुत्राचं नाव आलं, पित्याच्या बरोबरीनं आलं! त्या घटकेला ते कुणी आणलं?

बायका रडल्या. बाहेर पायरीवर तिला मिठ्या मारल्या. 'आज किती देव' विचारणाऱ्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "घरी आलात, बाई." सून तिच्या दंडाला धरून उभी होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग होता.

घड्याळजी समोरून गेला. मानही वळवली नाही.

त्यानंतर त्या खोलीत येणारे एकेक करून गळाले. सुईणीनंच सोडलं, तर आपण कोण? शेवटी पाळकांनी आणि वडीलजनांनी सभा ठेवली. घड्याळजीनं एका कागदावर सही करायची: मसीहा हा खरा देव आहे. नाही केली, तर नाव मंडळीच्या वहीतून कमी. नाव कमी म्हणजे कुंपणाच्या आत जागा नाही. हे त्याला लागणारं होतं, कारण त्याची बायको आत होती, आणि तिच्या शेजारची जागा गेली नऊ वर्षं त्याच्यासाठी मोकळी होती.

सभेच्या आदल्या दिवशी सुईणबाई मुलाला म्हणाली, "मी सांगून टाकते. माझ्या खोट्यावर त्या माणसाला बाहेर काढतायत."

"तू सांगितलंस तर ते सही करणार आहेत?"

"नाही."

"म्हणजे ते बाहेर जाणारच. आणि बाळही जाईल त्यांच्याबरोबर. आठवतंय ना, पलीकडच्या गल्लीतलं बाळ? वहीत चूक सापडली म्हणून चौथ्या महिन्यात उकरून पलीकडे नेलं. त्याची आई कुंपणाला धरून उभी होती." त्यानं आतल्या खोलीकडे मान वळवली. "ती परवापासून दोन्ही वेळा जेवते, आई."

सभेला बाक भरले होते. घड्याळजी पुढे एकटा उभा होता, हातात टोपी.

"मी प्रभू म्हणतो," तो सांगत होता, "तारणारा म्हणतो, देवाचा पुत्र म्हणतो. रोज म्हणतो. देव म्हणवत नाही. म्हटलं तर ते माझ्या तोंडचं होईल, मनातलं नाही. तसलं तुम्हाला चालेल का?"

"अर्धं माप घेऊन आलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

पाळकांनी हात वर केला. "तुमच्याच खोलीत दोन वर्षं बसलेली बहीण इथं आहे. बाई, जरा उभ्या राहता? त्या घटकेला काय म्हणालात ते यांना ऐकू द्या. माझ्यापेक्षा तुमचं ते ऐकतील."

सुईणबाई हलली नाही.

"उठा ना, आई," सून कुजबुजली. ती तिच्याकडे बघत होती, अभिमानानं.

सुईणबाई उठली. समोर घड्याळजी. एवढा वेळ तो स्वतःच्या टोपीकडे बघत होता. आता त्यानं वर बघितलं. त्याच्या हातात होतं सगळं. 'या बाईनं मला वेगळंच सांगितलंय,' एवढं म्हणायचा अवकाश. तिला एक क्षण वाटलं, म्हणू दे. त्यानं म्हणावं, म्हणजे मला म्हणावं लागणार नाही.

तो वाट बघत राहिला.

तिनं ते शब्द म्हटले, सगळे, क्रमानं, आणि खाली बसली.

"घड्याळजी, यावर काही बोलायचंय?"

त्याची नजर तिच्यावरून शेजारी बसलेल्या सुनेवर गेली आणि तिथे थोडी थांबली. "बाईंच्या नातीबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही," तो म्हणाला.

"बोलायला राहिलंय काय!" पुन्हा मागून.

"मग सही?"

"ती नाही होणार." ज्या घड्याळाचे भागच मिळत नाहीत ते परत करताना तो गिऱ्हाइकाशी ज्या आवाजात बोलायचा, तोच आवाज होता. त्यानं टोपी घातली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेला. दार लागेपर्यंत कुणी हसलं नाही.

सभेनंतरच्या दुसऱ्या रविवारी सासू-सून प्रार्थनेनंतर बाळाकडे गेल्या. ऊन चांगलं होतं. सुनेनं छोटा दगड ओल्या फडक्यानं पुसला, नावातली धूळ बोटानं काढली. लहानांची रांग संपते तिथून चार पावलांवर घड्याळजीच्या बायकोची कबर होती, आणि तिच्या शेजारी माणूस मावेल एवढी रिकामी माती.

"आई, त्यांना आता इथं आणणार नाहीत ना?" सुनेनं विचारलं.

"नाही."

"बरंच झालं." ती दगड पुसत राहिली. "बाळाच्या इतक्या जवळ नको तसला माणूस. तुम्ही बोललात म्हणून निभावलं. नाहीतर लोकांना वाटलं असतं, तोही खराच."

सुईणबाईला बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. मग ती तिथून उठली, चार पावलं गेली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसली आणि त्या दुसऱ्या कबरीवरचं गवत उपटायला लागली. नऊ वर्षं घड्याळजी स्वतः ते काढायचा. आता त्याला फाटकातून आत सोडत नव्हते, आणि पंधरा दिवसांतच ते वीतभर झालं होतं.

"आई," सुनेनं हाक मारली, "ती आपली नाही."

"माहीत आहे," सुईणबाई म्हणाली, आणि उपटत राहिली.